बेडूकतळ्याकाठचा उन्हाळा

चित्र कोठे जन्मास येते, असा प्रश्न कोणी विचारला, तर आपण सहज उत्तर देऊ की, चित्रकाराच्या खोलीत. तेथे तिकाटीवर कॅनव्हास लावलेला असतो, भोवती कुंचले आणि रंग मांडलेले असतात, आणि खिडकीतून येणाऱ्या शांत उजेडात चित्रकार आपले काम करीत असतो. युरोपातही शेकडो वर्षे हाच रिवाज होता. चित्रकार रानात जात, नदीकाठी बसत. परंतु तेथे ते बहुधा लहानसे टिपण करीत आणि घरी परतल्यावर त्या टिपणाच्या आधाराने मोठे चित्र सावकाश पूर्ण करीत. रानातले ऊन, पाने हलविणारा वारा आणि पाण्यावरची चमक या गोष्टी खोलीत येईपर्यंत पुष्कळशा विझून गेलेल्या असत.

हा रिवाज मोडून चित्रकलेला मोकळ्या हवेत नेणाऱ्यांत क्लोद मोने आणि ऑग्युस्त रेन्वार हे दोन फ्रेंच चित्रकार प्रमुख होत. इ. स. १८६९ च्या उन्हाळ्यात ते दोघे पॅरिस शहराजवळ, सीन नदीच्या काठी, शेजारी शेजारी बसून चित्रे रंगवीत होते. दोघांचेही वय २८ वर्षांचे होते. दोघांच्याही खिशात पैसा नव्हता, घरात पुरेसे अन्न नव्हते, आणि रंगाच्या नळ्याही संपत आल्या होत्या. अशा स्थितीत काढलेली त्यांची काही चित्रे आज जगातील मोठमोठ्या संग्रहालयांत मानाने टांगलेली आहेत. त्या उन्हाळ्याची ही हकीकत आहे.

मुलांनो, उन्हाळा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे तापलेली जमीन, आटलेल्या विहिरी आणि दुपारची सामसूम उभी राहते. फ्रान्समधील उन्हाळा असा नसतो. तेथील हिवाळा थंड आणि अंधारा असतो. म्हणून जून महिना उजाडला की लोकांना सुटका झाल्यासारखे वाटते. जूनमध्ये पॅरिस येथे दिवस सुमारे १६ तासांचा असतो. झाडे पालवलेली असतात, नद्या भरून वाहत असतात, आणि ऊन अंगाला सुखद वाटते. चित्रकारांना तर हा ऋतू म्हणजे पर्वणीच. खोल्यांना कुलूप लावून ते खेड्यांत जात, एखाद्या स्वस्त खानावळीत किंवा शेतघरात बिऱ्हाड करीत, आणि दिवस मावळेपर्यंत बाहेर काम करीत. पॅरिसच्या दक्षिणेस फोंतेनब्लोचे मोठे अरण्य आहे. त्याच्या कडेला असलेल्या बार्बिझाँ नावाच्या खेड्यात असे अनेक चित्रकार मोनेच्या आधीच्या पिढीपासून येऊन राहत असत. उघड्यावर चित्रे काढण्याची वाट त्यांनी तुडविली होती; मोने आणि त्याचे मित्र त्या वाटेने आणखी पुढे गेले.

मोनेचे बालपण ल हाव्र या बंदरात गेले. शाळेत असतानाच तो लोकांची व्यंगचित्रे काढू लागला, आणि ती चित्रे गावातल्या दुकानाच्या खिडकीत टांगली जाऊ लागली. लोक हसत, पैसे देत. मुलगा खूश होता. याच दुकानाच्या निमित्ताने त्याची बूदँ नावाच्या एका प्रौढ चित्रकाराशी गाठ पडली. बूदँ समुद्र आणि आकाश रंगवीत असे, आणि तेही समुद्रकाठी उभा राहून. त्याने मोनेला आपल्याबरोबर बाहेर येण्याचा आग्रह केला. मोनेने प्रथम पुष्कळ टाळाटाळ केली. अखेर १८५८ च्या सुमारास तो एकदा गेला. बूदँचा हात निसर्गासमोर कसा चालतो हे त्याने पाहिले, आणि चित्रकला म्हणजे काय हे आपल्याला आता समजले, असे त्याला वाटले. पुढे कीर्ती मिळाल्यावरही हे ऋण त्याने कधी नाकारले नाही.

रेन्वारची गोष्ट निराळी. तो एका शिंप्याचा मुलगा. घरची गरिबी असल्यामुळे वयाच्या तेराव्या वर्षी तो पॅरिसमधील चिनी मातीच्या भांड्यांच्या एका कारखान्यात उमेदवार म्हणून लागला. पांढऱ्याशुभ्र बशांवर नाजूक फुले रंगविण्याचे काम त्याच्याकडे होते. हलक्या हाताने, स्वच्छ रंगाने काम करण्याची सवय त्याला तेथेच लागली. पैसे साठवून तो चित्रकला शिकू लागला.

१८६२ साली पॅरिसमधील ग्लेर नावाच्या चित्रकाराच्या शाळेत हे दोघे एकत्र आले. तेथेच फ्रेदेरिक बाझीय हा उंच, प्रेमळ आणि सधन घरचा तरुण त्यांचा मित्र झाला. ग्लेर सज्जन होता. पण माणूस जसा दिसतो तसा न रंगविता प्राचीन ग्रीक पुतळ्यांच्या आदर्शाप्रमाणे रंगवावा, असे त्याचे शिक्षण होते. मोनेला ते पटेना. समोर जे आहे तेच का काढू नये, असा त्याचा प्रश्न होता. १८६४ मध्ये ती शाळा बंद पडली, आणि या तरुणांचे खरे शिक्षण मोकळ्या हवेत सुरू झाले.

त्याच वर्षी मोने आणि बाझीय समुद्रकाठच्या ऑन्फ्लर या गावी गेले. गावातल्या एका पाववाल्याकडे त्यांनी दोन लहान खोल्या भाड्याने घेतल्या. जेवावयास ते जवळच्या टेकाडावरील सँ-सिमेओं नावाच्या शेतघरी जात. हे शेतघर म्हणजे चित्रकारांचे आवडते विसाव्याचे ठिकाणच होते. तेथे राहण्याजेवण्याचा खर्च बेताचा, भोवती सफरचंदांची झाडे आणि समोर समुद्र. पहाटे पाच वाजता उठावे आणि रात्री आठपर्यंत काम करावे, असा या दोघांचा तेथे क्रम होता, हे बाझीयने आपल्या आईला पत्राने कळविले आहे. सुटीतला प्रवास म्हणजे आराम अशी आपली समजूत असते. या मुलांचा प्रवास म्हणजे पंधरा पंधरा तासांची मेहनत होती.

मोनेचा हट्ट किती जबर होता, हे एका प्रसंगावरून दिसून येते. १८६६ मध्ये त्याने बागेत वावरणाऱ्या स्त्रियांचे एक चित्र आरंभिले. कॅनव्हास अडीच मीटरांहून उंच होता. एवढे मोठे चित्र उघड्यावर रंगवावयाचे, तर वरच्या भागापर्यंत हात कसा पोचावा? शिडी घेतली तर डोळ्यांची पातळी बदलते, आणि मग देखावाही बदलतो. तेव्हा मोनेने बागेत एक खंदक खणला. वरचा भाग रंगवावयाचा झाला की, दोरी व कप्पी यांच्या साहाय्याने तो चित्र त्या खंदकात खाली उतरवी. आपण जागेवरून हलावयाचे नाही, चित्राला हलवावयाचे, अशी ही युक्ती!

परंतु युक्ती आणि मेहनत यांनी पोट भरत नाही. त्या काळी फ्रान्समध्ये चित्रकाराचे भाग्य ‘सलाँ’ नावाच्या प्रदर्शनाच्या हाती असे. एक परीक्षकमंडळ चित्रांची निवड करी. ज्याचे चित्र तेथे लागले, त्याला गिऱ्हाइके मिळत. ज्याचे नाकारले गेले, त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे. बागेतील स्त्रियांचे ते मोठे चित्र १८६७ मध्ये सलाँने नाकारले. मोनेवर आकाश कोसळले. तेव्हा बाझीय पुढे झाला. त्याने ते चित्र २५०० फ्रँकांना विकत घेतले आणि दरमहा ५० फ्रँक याप्रमाणे ही रक्कम फेडावयाची ठरविली. स्वतःच्या मासिक खर्चातून चिमटे काढून त्याने मित्राला हा आधार दिला.

१८६९ साली सलाँने मोनेला पुन्हा दार बंद केले. त्या वर्षी मोने, त्याची सहचारिणी कॅमिल आणि त्यांचा दोन वर्षांचा मुलगा हे सीन नदीकाठच्या बूजिव्हाल गावाजवळ, सँ-मिशेल येथे राहत होते. जवळच लुव्हसिएन येथे रेन्वारचे आईवडील राहत. उन्हाळ्यासाठी रेन्वारही तेथे आला होता. तो जवळजवळ रोजच मोनेकडे येई. येताना आपल्या घरचा पाव घेऊन येई, कारण मोनेच्या घरी चूल पेटेलच अशी खात्री नव्हती. ऑगस्टमध्ये मोनेने बाझीयला लिहिलेल्या पत्रात हे हलाखीचे दिवस उमटले आहेत. आठ दिवस घरात पाव नाही, स्वयंपाकाला विस्तव नाही, रात्री दिवा नाही, आणि रेन्वार पाव आणतो म्हणूनच आम्ही उपाशी मेलो नाही, असा त्या पत्राचा आशय आहे. रेन्वारनेही बाझीयला लिहिले. मोनेकडे रोज जेवण होतेच असे नाही, मला रंगही पुरत नाहीत. तरी चित्र काढावयास मोनेसारखा सोबती आहे म्हणून मी समाधानात आहे, असे त्याने कळविले. पोट रिकामे असताना मन भरलेले कसे असू शकते, हे या दोन ओळींतून समजते.

आता ते दोघे ज्या ठिकाणी बसत, ते ठिकाण पाहू. बूजिव्हालच्या समोर नदीत एक लांबट बेट आहे. त्या बेटाच्या काठी नांगरून ठेवलेल्या एका मोठ्या नौकेवर उपाहारगृह होते. शेजारीच एक अगदी लहान, वाटोळे बेट होते, आणि त्यावर एकच झाड उभे होते. उपाहारगृहातून या चिमुकल्या बेटावर जावयास लाकडाची अरुंद फळी टाकलेली असे. लोक गमतीने त्या बेटाला फुलांची कुंडी म्हणत. या सर्व जागेचे नाव होते ‘ला ग्रनुयेर’, म्हणजे बेडूकतळे. पॅरिसहून आगगाडीने येथे थोड्याच वेळात येता येई. म्हणून सुटीच्या दिवशी शहरातले कारकून, दुकानदार, शिवणकाम करणाऱ्या मुली, सारे येथे लोटत. कोणी पोहत, कोणी होड्या वल्हवीत, कोणी नुसतेच गप्पा मारीत उभे राहत. आपल्याकडे यात्रेच्या दिवशी नदीचा घाट जसा गजबजतो, तशी ती जागा गजबजलेली असे.

चित्र काढण्यासारखे येथे काय आहे, असे त्या काळच्या एखाद्या पंडिताने विचारले असते. येथे देवदेवता नाहीत, राजेमहाराजे नाहीत, लढाई नाही. येथे केवळ पाणी, ऊन, होड्या आणि सुटीतली साधी माणसे आहेत. पण या दोन मित्रांना तेच हवे होते. त्यांचे लक्ष विशेषतः पाण्याकडे होते. कारण पाण्याइतकी अवघड वस्तू रंगवावयास दुसरी नाही.

पाणी अवघड का? खोलीतला उजेड बराच वेळ एकसारखा राहतो. नदीवर तसे नसते. एखादा ढग सूर्याआड गेला की सारे रंग बदलतात. होडी गेली की लाटा उठतात, आणि पाण्यातली प्रतिबिंबे तुटून त्यांचे शेकडो तुकडे होतात. लाटेची एक बाजू आकाशाच्या दिशेने कललेली असते. ती निळसर पांढरी चमकते. दुसऱ्या बाजूत काठावरची झाडी दिसते. ती गर्द हिरवी होते. क्षणभराने त्या बाजूंची जागा बदलते. अशा पाण्याच्या प्रत्येक लाटेची रेघ काळजीपूर्वक काढीत बसले, तर चित्र पुरे होण्यापूर्वी संध्याकाळ होईल. मोनेने त्यावर उपाय शोधला. त्याने रेघा काढणे सोडून दिले. रुंद, चपट्या कुंचल्याने त्याने रंगाचे आडवे फटकारे मारले. एक फटकारा आकाशाच्या रंगाचा, त्याशेजारी एक झाडीच्या रंगाचा, त्याखाली एक होडीच्या तपकिरी सावलीचा. जवळून पाहिले तर ते नुसते रंगाचे पट्टे दिसतात. चार पावले मागे सरकून पाहिले की ते पट्टे नाहीसे होतात आणि पाणी हलू लागते!

या दोघांना आणखी एक गोष्ट येथे पक्की उमगली. सावली म्हणजे काळोख नव्हे. भर दुपारी झाडाखाली पांढरे वस्त्र घातलेले माणूस उभे असेल, तर त्याच्या वस्त्रावर पडलेली सावली नीट पाहा. थेट ऊन तेथे पोचत नाही हे खरे. परंतु निळ्या आकाशाचा उजेड पोचतो, आणि हिरव्या पानांतून गाळून आलेला उजेडही पोचतो. म्हणून ती सावली कोठे निळसर तर कोठे हिरवट दिसते. जुन्या पद्धतीचे चित्रकार सावलीसाठी बहुधा काळा किंवा तपकिरी रंग वापरीत. सावली गडद असते, असे आपण ऐकून असतो म्हणून आपल्यालाही ती तशीच दिसते. मोने आणि रेन्वार यांनी ऐकीव गोष्ट बाजूला ठेवली आणि डोळ्यांची साक्ष मानली.

उघड्यावर असे काम करणे शक्य झाले, त्याला एक लहानसा शोधही कारण झाला होता. पूर्वी चित्रकाराला तेलात रंग घोटून तो जनावराच्या मूत्राशयाच्या पिशवीत भरून ठेवावा लागे. पिशवी एकदा टोचली की उरलेला रंग सुकू लागे. प्रवासात ती फुटण्याचेही भय असे. १८४१ मध्ये जॉन रँड नावाच्या एका अमेरिकन चित्रकाराने कथलाची, दाबून रंग काढता येईल अशी नळी शोधून काढली. त्यामुळे सारे रंग एका पेटीत घालून कोठेही नेता येऊ लागले. पेटी, तिकाटी आणि कॅनव्हास पाठीशी मारला की चित्रकार निघाला! मात्र नळ्या विकत घ्याव्या लागत, आणि त्यासाठीच तर या मित्रांजवळ पैसे नसत. समोर सुंदर ऊन पडले आहे, नदी झळाळते आहे, आणि हाती रंगच नाही, असे प्रसंग त्यांच्यावर आले.

त्या उन्हाळ्यात दोघांनी एकाच ठिकाणावरून काढलेली चित्रे आज आपण तुलनेसाठी जवळजवळ ठेवून पाहू शकतो. मोनेचे एक चित्र न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे. ते सुमारे ७५ सेंटिमीटर उंच आणि १०० सेंटिमीटर रुंद आहे. दुसरे लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे. रेन्वारचे एक चित्र स्वीडनमध्ये स्टॉकहोमच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. न्यूयॉर्कचे आणि स्टॉकहोमचे चित्र पाहा. तेच वाटोळे बेट, तेच एकुलते झाड, तीच फळी, तशाच होड्या. तरी चित्रे दोन आणि त्यांचे बोलणेही दोन. मोनेच्या चित्रात माणसे लहान आहेत, थोड्या ठिपक्यांत उरकलेली. चित्राचा राजा आहे ते पाणी. त्याचे फटकारे ठसठशीत आहेत. रेन्वारला मात्र माणसांचा लोभ सुटत नाही. त्याच्या चित्रात बेटावरची मंडळी अधिक जवळ आली आहेत. स्त्रियांच्या झग्यांचे रंग, त्यांचे घोळके, त्यांची लगबग आपल्याला दिसते, आणि त्याचा कुंचला पिसासारखा हलका फिरतो. बशांवर फुले रंगविणाऱ्या त्या मुलाचा हात येथे ओळखू येतो. व्यक्ती तितक्या प्रकृती म्हणतात, ते खोटे नव्हे. एकमेकांशेजारी बसून, एकाच पावाचे दोन भाग करून खाऊनही, कोणी कोणाची नक्कल केली नाही.

सप्टेंबर संपत आला. मोनेने बाझीयला पुन्हा पत्र लिहिले. बेडूकतळ्याचे एक मोठे चित्र काढावे हे माझे स्वप्न आहे. त्यासाठी मी काही वाईटशी टिपणे केली आहेत, परंतु ते स्वप्नच आहे, असे त्याने त्यात म्हटले. मुलांनो, ज्यांना त्याने वाईट टिपणे म्हटले, त्या जातीची चित्रे पाहण्यासाठीच आज लोक देशोदेशींहून येतात. काम करणाऱ्याला आपल्या कामाचे मोल त्या क्षणी कळतेच असे नाही. त्याला इतकेच कळते की, आज आपण काल पाहिले त्यापेक्षा थोडे अधिक खरे पाहिले.

पुढचे वर्ष आणखी कठीण आले. १८७० मध्येही सलाँने मोनेची चित्रे परत केली. जुलै महिन्यात फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले. मोने आपल्या कुटुंबासह लंडनला गेला. रेन्वारला घोडदळात भरती व्हावे लागले आणि तेथे तो आजारी पडला. बाझीय आपण होऊन सैन्यात गेला, आणि त्याच वर्षी २८ नोव्हेंबर रोजी बोन-ला-रोलांद येथील लढाईत मारला गेला. आणखी आठ दिवसांनी त्याला २९ वर्षे पूर्ण झाली असती. मित्रांच्या पत्रांना उत्तरे देणारा, त्यांची चित्रे घेणारा, आपल्या चित्रशाळेत त्यांना जागा देणारा तो उदार तरुण त्यांच्या कीर्तीचा दिवस पाहावयास उरला नाही.

युद्ध संपल्यावर मोने, रेन्वार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ठरविले की, आता सलाँच्या दारी उभे राहावयाचे नाही. १८७४ मध्ये, १५ एप्रिल ते १५ मे या काळात, त्यांनी पॅरिसमध्ये एका छायाचित्रकाराच्या जुन्या जागेत आपले स्वतंत्र प्रदर्शन भरविले. मोनेने तेथे ल हाव्र बंदरातील सूर्योदयाचे एक चित्र मांडले होते. त्याच्या नावात ‘इंप्रेशन’, म्हणजे मनावर उमटलेला ठसा, हा शब्द होता. एका टीकाकाराने तो शब्द पकडून या साऱ्या मंडळींची ‘इंप्रेशनिस्ट’ म्हणून टर उडविली. चित्रकारांनी ती शिवी अंगावरून झटकली नाही. पुढे तेच नाव त्यांनी आपले म्हणून मिरविले. हसणाऱ्यांची नावे लोक विसरत चालले आहेत. ते नाव मात्र चित्रकलेच्या इतिहासात कायम झाले आहे.

रेन्वार १९१९ मध्ये वारला. म्हातारपणी संधिवाताने त्याची बोटे वाकडी झाली होती, तरी त्याने कुंचला सोडला नाही. मोने १९२६ पर्यंत, ८६ वर्षे जगला. उत्तरायुष्यात त्याने झिव्हर्नी या गावी एक तळे तयार करविले, त्यात कमळे लावली, आणि त्या एका तळ्याकडे पाहत तो वर्षानुवर्षे चित्रे काढीत राहिला. त्यांपैकी प्रचंड आकाराची चित्रे १९२७ पासून पॅरिसच्या ओरांजरी या संग्रहालयात, खास त्यांच्यासाठी केलेल्या दोन लंबवर्तुळाकार दालनांत लावलेली आहेत. बेडकांच्या तळ्याकाठी उपाशीपोटी जे पाहणे सुरू झाले, ते कमळांच्या तळ्याकाठी पूर्णत्वास गेले.

या हकीकतीतून आपण काय घ्यावे? आपल्यापैकी प्रत्येक जण चित्रकार होणार नाही. परंतु प्रत्येकाला डोळे आहेत. पान हिरवे, पाणी निळे, सावली काळी, ही वाक्ये आपण न पाहताच पाठ केलेली असतात. या सुटीत आपल्या गावची नदी, विहीर किंवा तळे जवळ करावे. सकाळी, दुपारी आणि सायंकाळी तेथे थोडा वेळ शांत बसावे, आणि पाण्यात खरोखर कोणते रंग दिसतात ते वहीत टिपून ठेवावे. एखादा मित्र बरोबर असल्यास त्यालाही टिपावयास सांगावे, आणि मग दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचाव्या. दोन्ही टिपणे सारखी निघाली नाहीत, तर मुळीच वाईट वाटून घेऊ नये. दोघांनीही स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, याचीच ती खूण होय.

अभ्यास

१. चित्रकार पूर्वी उघड्यावर केवळ टिपण का करीत? रंगाच्या नळीमुळे कोणता फरक पडला?
२. मोनेने बागेत खंदक का खणला? त्याऐवजी शिडी का वापरली नाही?
३. बाझीयने आपल्या मित्रांना कोणकोणत्या प्रकारे आधार दिला?
४. पाणी रंगविणे अवघड का असते, ते स्वतःच्या शब्दांत सांगा.
५. मोने आणि रेन्वार यांच्या बेडूकतळ्याच्या चित्रांतील सारखेपणा आणि वेगळेपणा लिहा.
६. ‘पोट रिकामे असताना मन भरलेले कसे असू शकते,’ असे लेखकाने का म्हटले आहे?
७. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा : आकाश कोसळणे, ढुंकूनही न पाहणे, चिमटे काढून खर्च करणे, टर उडविणे.
८. आपल्या गावातील एखाद्या पाणवठ्याचे दिवसाच्या तीन वेळी निरीक्षण करून दहा ओळी लिहा.